ओझे कुणाचे, उचल कुणाची?

अमेरिकन मोटार-उद्योगाच्या पडझडीची एक कथा आपल्याकडे इतक्या सहजपणे सांगितली जाते, की तिची संहिता तपासावी असे कुणाला वाटत नाही. डेट्रॉईटच्या कंपन्या बलाढ्य होत्या. कामगार संघटनांनी त्यांच्याकडून निवृत्तांच्या औषधपाण्याचाही खर्च उकळला. त्या ओझ्याखाली कंपन्या मोडल्या. तात्पर्य, कामगार कंत्राटीच बरा. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत ही कथा असते, वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांवर असते आणि प्राध्यापक-कक्षातल्या चहाबरोबरही हटकून येते. आम्ही मराठीचे अध्यापक. ताळेबंद वाचण्याचा आमचा अधिकार कुणी मान्य करणार नाही. पण शब्द वाचणे हा आमचा व्यवसाय आहे आणि या कथेतला 'ओझे' हा शब्द आम्हाला मान्य नाही.

आकडे खोटे आहेत असे आमचे म्हणणे नाही. 2005 च्या सुमारास जनरल मोटर्स सुमारे 11 लाख कामगार, निवृत्त आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या उपचारांचा खर्च करीत होती. दर गाडीमागे तो 1500 डॉलरच्या आसपास जाई. गाडीत लागणाऱ्या पोलादाहून अधिक. कंपनीच्या भाषेत या खर्चाला 'लेगसी कॉस्ट' म्हणत. लेगसी म्हणजे वारसा. जणू कुणा खर्चिक पूर्वजाने हे देणे नातवंडांच्या माथी मारले होते!

प्रत्यक्षात हे देणे कसे उत्पन्न झाले? 1942 साली युद्धकाळात अमेरिकन सरकारने वेतनवाढीवर निर्बंध घातले. विम्यासारख्या सवलती त्यातून वगळल्या, म्हणून पगाराऐवजी विमा देण्याची वाट रुळली. युद्धानंतर राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी राष्ट्रीय आरोग्य विम्याची योजना मांडली. डॉक्टरांच्या संघटनेने ती हाणून पाडली. मग 1950 साली मोटार कामगार संघटना आणि जनरल मोटर्स यांच्यात पाच वर्षांचा करार झाला आणि निवृत्तिवेतन व औषधोपचार हे मजुरीचेच भाग बनले. कामगाराने आज हाती पडणाऱ्या पैशाचा काही हिस्सा म्हातारपणाच्या भरवशावर कंपनीकडे ठेवला, असा या व्यवहाराचा अर्थ आहे. ही राहिलेली मजुरी होती. तिला ओझे म्हणणे म्हणजे ऋणकोने धनकोच्या नावाने खडे फोडणे होय.

आणि नेतृत्वाचे काय? एकविसाव्या शतकाच्या आरंभी जनरल मोटर्सच्या धुरीणांनी सारी भिस्त अवजड, इंधनखाऊ गाड्यांवर ठेवली. 1996 साली स्वतःच बाजारात आणलेली विजेवरची ईव्ही-1 त्यांनी परत मागवून बहुतांशी चुरडून टाकली. नोव्हेंबर 2008 मध्ये तिन्ही कंपन्यांचे प्रमुख सरकारी मदत मागण्यासाठी वॉशिंग्टनला गेले, ते आपापल्या खासगी विमानाने. (प्रहसनकारालाही हा प्रवेश अतिरंजित वाटला असता.) मार्च 2009 मध्ये सरकारच्या सांगण्यावरून प्रमुख रिक वॅगनर पायउतार झाले आणि 1 जून 2009 रोजी कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. परंतु त्याच डेट्रॉईटच्या परिसरातली, त्याच संघटनेशी करार करणारी, तसाच उपचारखर्च सोसणारी फोर्ड दिवाळखोरीत गेली नाही. 2006 साली तिथे आलेल्या ॲलन मुलाली यांनी मालमत्ता गहाण ठेवून वेळीच कर्ज उभारले होते. ओझे सारखेच असताना एक कोसळते आणि दुसरी तगते, तेव्हा कोसळण्याचे कारण ओझ्यातच शोधणारा विचार आम्हाला आळशी वाटतो.

पुरावा याहून जवळ, पुणे जिल्ह्यातही आहे. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना 2008 साली सुरू झाला. डेट्रॉईटसारखे निवृत्तांच्या उपचारांचे देणे इथे नव्हते. पिढीजात वारसा साचायला इथे पिढीच सरली नव्हती. तरीही भारतीय बाजारातला कंपनीचा हिस्सा एक टक्क्याच्याही खाली घसरला, 2017 साली देशातली विक्री थांबली आणि डिसेंबर 2020 मध्ये उत्पादनही. हजाराहून अधिक कामगारांचा तंटा न्यायालयापर्यंत गेला. इथे कुणाच्या औषधाने कंपनी बुडाली?

आम्ही हे आष्टीत बसून लिहितो, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. या तालुक्याला मजुरीचा एक वेगळा हिशेब ठाऊक आहे. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाकडून उचल घेऊन नवराबायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, कारखान्याच्या वाटेला लागते. उचल म्हणजे आधी घेतलेली मजुरी. ती फिटली नाही तर पुढल्या हंगामाला गळ्यात पडते आणि कुणीही तिला 'वारसा' असे गोड नाव देत नाही. डेट्रॉईटचा करार हे या उचलीचे उलटे रूप आहे: काम आधी, मजुरीचा काही भाग नंतर. मजुराने उचल बुडवली तर तो लबाड ठरतो. कंपनी राहिलेली मजुरी टाळू लागली, की त्याला पुनर्रचना म्हणतात. 2007 च्या करारान्वये जनरल मोटर्सने निवृत्तांच्या उपचारांची जबाबदारी एका स्वतंत्र न्यासाकडे सोपवली. दिवाळखोरीनंतर त्या न्यासाला देण्याच्या बऱ्याच भागापोटी रोख पैशाऐवजी नव्या कंपनीचे साडेसतरा टक्के समभाग मिळाले. त्यानंतर भरती झालेल्यांना निवृत्तीनंतरच्या उपचारांचा हक्कच उरला नाही; 2023 च्या संपातही तो परत मिळाला नाही.

मालकाच्या शिरावर उपचाराचे कसलेच 'ओझे' नसले तर उद्योग कसा चालतो, याचे चित्र पाहायला अमेरिकेत जावे लागत नाही. ऊसतोडीत आजारपणाचा दिवस म्हणजे खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. 2019 साली बीड जिल्ह्यात झालेल्या पाहणीत 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. या शस्त्रक्रियांमागची कारणे अनेक आहेत. नफेखोर दवाखाने त्यांत आहेत, तशी खाड्याची धास्तीही आहे. डेट्रॉईटमध्ये जो खर्च गाडीच्या किमतीत दिसत होता, तो इथे साखरेच्या किमतीत दिसत नाही. तो बाईच्या देहावर मांडला जातो. दर पोत्यामागे किती, हे कुठल्याही कारखान्याच्या अहवालात छापलेले आमच्या पाहण्यात नाही.

गिरणी कामगार नारायण सुर्व्यांच्या रूपाने मराठी कवितेत आला आणि आपण त्याला अभ्यासक्रमात घेतले. चाकण-रांजणगावच्या जोडसाखळीवर उभ्या असलेल्या कंत्राटी मुलाला मात्र आपण वाणिज्य शाखेच्या हवाली करून मोकळे झालो. ऊसतोड कुटुंबांतली जी मुले आज आमच्यासमोर बाकांवर बसतात, त्यांतली कित्येक उद्या तिथेच जाणार आहेत. तळेगावचा तो कारखाना 2023 च्या करारान्वये ह्युंदाईकडे गेला. कामाला लागलेली जुनी मुले सुट्टीत भेटतात, तेव्हा धाकटी मुले त्यांना पगार विचारतात, मग ठेकेदाराचे नाव विचारतात, आणि आवाज जरा खाली आणून विचारतात, घरच्यांचे मेडिकल त्यात धरतात का.