ग्रंथपालानेही लिहावं

तालुक्याच्या ग्रंथालयात नवी पुस्तकं आली की त्यांची वेष्टनं काचेच्या फळ्यात टाचणीने लावतात. ती पाहायला ग्रंथालयातच जावं लागतं, आणि जो नेमाने जातो त्याला ती तशीही दिसतातच. जो येत नाही, त्याच्यापर्यंत निरोप पोचवायची सोय नाही. ‘मोबाइलने वाचन बुडवलं’ म्हणून हात झटकणं सोपं. पण त्याच मोबाइलवर किती ग्रंथालयं आपल्या सभासदांना दोन ओळी लिहितात?

वाचक येत नसेल तर आपण जायचं, ही कल्पना जुनीच. 1931 मध्ये मन्नारगुडीजवळच्या खेड्यांतून बैलगाडीने पुस्तकं फिरली. डॉ. रंगनाथन यांची ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रंही त्याच सालची. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या विनायक रानडे यांनी 2009 पासून ‘ग्रंथ तुमच्या दारी’च्या पेट्या थेट दुबईपर्यंत पोचवल्या. पेटीला निदान वाहतूकखर्च येतो. व्हॉट्सॲपवरच्या टिपणाला तोही नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीगोंदा तालुक्यात तर लिहायला विषयांचा तोटा नाही. ‘योगसंग्राम’कार संतकवी शेख महंमद इथलेच. शिंदे घराण्याचे वाडे इथे, भीमेकाठी पेडगावचा बहादूरगड, काष्टीचा जनावरांचा बाजार, उसाचं राजकारण. यातल्या एकेकावर ग्रंथालयात काय आहे, हे आठवड्याला पंधरा ओळींत लिहायला कितीसा वेळ लागतो? तालुक्यात लिंबाच्या बागा भरपूर. फळांवर खैऱ्याचे डाग दिसू लागले की बागायतदार दुकानदाराला विचारतो, शेजाऱ्याला विचारतो. ‘फळबागांच्या रोगांवरचं पुस्तक दुसऱ्या कपाटात आहे, खैऱ्याची माहिती अमुक पानावर’ एवढा निरोप त्याच वेळी मिळाला, तर वर्गणी न भरलेला माणूसही पायरी चढेल.

पुस्तकाच्या शेवटच्या पानावरची तारखांची चिठ्ठीही बोलकी असते. कोणतं पुस्तक सतत फिरतं आणि कोणतं वर्षानुवर्षं कपाटाबाहेर पडलेलं नाही, हे ग्रंथपालाइतकं कुणालाच ठाऊक नसतं. त्याने ते सांगितलं, तर पडून राहिलेल्या पुस्तकालाही एखादा वाचक भेटेल.

अनुदान तुटपुंजं, मानधन त्याहून तुटपुंजं, ही ग्रंथपालांची तक्रार रास्त आहे आणि सरकारने ती ऐकायलाच हवी. पण 1967 च्या ग्रंथालय कायद्याने अनुदानाची घडी बसवताना ग्रंथालयांची वर्गवारी आली ती पुस्तकं, सभासद, उघडण्याचे तास यांच्या मोजदादीवर. वाचकाला काही कळवलं का, हेही तपासणीत विचारायला काय हरकत आहे? अहिल्यानगरचं जिल्हा वाचनालय 1838 सालचं. इतकी जुनी परंपरा असलेल्या जिल्ह्याने यात पुढाकार घ्यावा.

लिहिण्याचं काम एकट्या ग्रंथपालावरही टाकू नये. अभ्यासिकेत दिवसभर स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं असतात; त्यांच्याकडूनही टिपणं मागवावीत. फक्त सणासुदीच्या शुभेच्छांची चित्रं पाठवू नयेत. दिवे आणि फुलं प्रत्येक ग्रुपवर आधीच रग्गड येतात.