टप्पे घेणारा बॉम्ब

तळ्याकाठी चपटा दगड तिरका भिरकावला की तो पाण्यावर कसा टप्पे घेत जातो! याच युक्तीने दुसऱ्या महायुद्धात चक्क धरणे फुटली. त्यावरचा 'द डॅम बस्टर्स' (१९५५) हा ब्रिटिश चित्रपट डीव्हीडीवर निघाला आहे.

जर्मनीतल्या धरणांपुढे टॉर्पेडो अडवायला पाण्यात जाळ्या होत्या. मग बार्न्स वॉलिस या इंजिनिअरने घरच्या बागेत, टबातल्या पाण्यावर गोट्या उडवून पाहिल्या. त्यातून जाळ्यांवरून टप्पे घेत जाणारा, भिंतीपाशी बुडून फुटणारा बॉम्ब तयार झाला. १६ मे १९४३ च्या रात्री १९ विमाने निघाली. दोन मोठी धरणे फुटली.

वर्गात मी एवढे सांगितले आणि मुलांनी टाळ्या पिटल्या. एक मुलगी मात्र म्हणाली, "बाई, धरणाखाली गावं असतील ना?"

होती गं. पुरात १,३०० हून जास्त माणसे दगावली. त्यांत जर्मनांनी कामाला जुंपलेले परदेशी कैदी शेकड्यांनी होते. ८ विमाने परतली नाहीत, त्यांतले ५३ जण मेले. चित्रपटाच्या शेवटी वॉलिस आनंदाने नाचत नाहीत, सुन्न होतात. पथकप्रमुख गिब्सन पत्रे लिहायला निघून जातात. कुणाला, ते तुम्हीच ओळखा.

चित्रपट आईबाबांबरोबर जरूर बघा. हुशारीला शाबासकी द्या. आणि टीव्ही बंद केल्यावर त्या मुलीचा प्रश्न घरात विचारा. बघा, कोण काय उत्तर देतं!