सही आधी, मशवरा नंतर

नागरिकशास्त्राच्या तासाला एका मुलाने विचारले, "सर, परदेशाशी करार संसद करते का?" मी म्हणालो, "नाही, सरकार करते." तो म्हणाला, "मग संसदेला विचारतात तरी कधी?"

प्रश्न रास्त आहे. भारत-ब्रिटन व्यापार करारावर २४ जुलै २०२५ रोजी सह्या झाल्या. ब्रिटनमध्ये २०१० च्या कायद्यानुसार असा करार अंतिम मंजुरीपूर्वी संसदेच्या कामकाजाचे २१ दिवस सभागृहांपुढे ठेवावा लागतो. आपल्याकडे तशी सक्ती नाही. कलम २५३ नुसार करार अमलात आणण्यासाठी संसद कायदा करू शकते, अगदी शेतीसारख्या राज्याच्या विषयावरही. पण आयात शुल्क तर सरकारी अधिसूचनेनेही उतरते. २००९ च्या आसियान करारात पामतेलावरील शुल्क टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे आपण कबूल केले. आमच्या पाटण तालुक्यातल्या सोयाबीन-भुईमूगवाल्याच्या वतीने तेव्हा कोण बोलले?

वाटाघाटी गुप्त असाव्यात, हे मान्य. पण मसुदा ठरल्यावर तो संसदेपुढे ठेवायला काय हरकत? त्यासाठी घटनादुरुस्ती नको. संघसूचीतील १४ व्या नोंदीनुसार संसद स्वतःच तसा कायदा करू शकते. पक्ष कोणताही असो, सत्तेत आल्यावर कुणाला तो आठवत नाही.

निकाह लावून झाल्यावर घरच्यांना विचारणे, याला मशवरा म्हणत नाहीत.