बाजारातले शहाणपण मोबाईलवर का हरवते?

भोर-वेल्ह्याकडील माणूस पुण्याच्या बाजारात सहसा फसत नाही, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे आणि ती बऱ्याच अंशी खरीही आहे. स्वारगेटला एस. टी.तून उतरताच त्याचा एक हात आपसूक खिशावर जातो. मंडईत तो वांगे दाबून पाहतो, मेथीची जुडी उलटी करून देठ तपासतो. तुळशीबागेत सांगितलेला पहिला भाव तो शेवटचा मानीत नाही. लक्ष्मी रस्त्यावर घरातली बाई साडीचा पदर दुकानाच्या दारात नेऊन उजेडात रंग पाहते. तांदळाच्या बाबतीत तर बोलायलाच नको; ज्यांच्या खाचरांत इंद्रायणी आणि आंबेमोहोर पिकतो, त्यांना भलताच दाणा आंबेमोहोर म्हणून खपवणे व्यापाऱ्याला सोपे नाही.

मग आमचा प्रश्न असा की, दहा रुपयांच्या जुडीसाठी एवढी पारख करणारा हा माणूस मोबाईल हाती येताच इतका भोळा का होतो? कोणी पाठवले, कधीचे आहे, कोठले आहे, यांतले काहीही न विचारता तो आलेला मजकूर स्वीकारतो आणि वीस घरांत फुकट वाटून मोकळा होतो. गेल्या पावसाळ्यातले दरड कोसळल्याचे छायाचित्र यंदाच्या वरंधा घाटाचे म्हणून फिरू शकते. 'मुले पळवणारी टोळी आली आहे' हा मजकूर तर गावाचे नाव बदलून कोठेही चालतो. किडके वांगे आपण शेजाऱ्याच्या पिशवीत टाकीत नाही. किडका मजकूर मात्र बिनदिक्कत टाकतो.

यावर पहिले समर्थन ठरलेले असते : "आम्ही काळजीपोटी पाठवले. खोटे निघाले तर काय बिघडले?"

काय बिघडते ते धुळे जिल्ह्याला विचारावे. १ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी आठवड्याचा बाजार भरला होता. मुले पळवणाऱ्या टोळ्यांचे संदेश त्या भागात आधीपासून व्हॉट्सॲपवरून फिरत होते. बाजारात आलेल्या अनोळखी माणसांचा संशय आला आणि जमावाने पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत ठार मारले. ते बहुतांशी सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे तालुक्यातले, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेवर पोट भरणारे लोक होते. बाजार अनोळखी माणसावरच चालतो. गिऱ्हाईक परके म्हणून कोणी तागडी लपवीत नाही. त्या दिवशी मात्र परकेपणा हाच गुन्हा ठरला, आणि तो ठरवणाऱ्यांच्या डोक्यात कित्येकांनी 'काळजीपोटी' पुढे ढकललेले शब्द होते.

हे आपल्यापासून दूर घडले, असे वाचकांनी समजू नये. तोरणा, राजगड, रायरेश्वर पाहायला आपल्या खोऱ्यांत दर आठवड्याला किती अनोळखी माणसे येतात! मेंढपाळ येतात, बहुरूपी येतात, गोधड्या-भांडी विकणारे येतात. एका खोट्या ओळीने यांतला कोणीही संशयित होऊ शकतो. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. यंत्राला जे आवरते घ्यावेसे वाटले, ते माणसाला आपणहून का वाटू नये?

दुसरे समर्थन : "आम्ही लिहिले नाही, नुसते पुढे पाठवले." ही पळवाट न्यायालयांनी बंद केली आहे. महिला पत्रकारांविषयीचा आक्षेपार्ह मजकूर न वाचताच फेसबुकवर पुढे पाठवला, असा बचाव तमिळनाडूतील एका माजी आमदाराने केला होता. जुलै २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्यांच्यावरील खटले रद्द करण्यास नकार दिला आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही त्यांना दिलासा दिला नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३५३ व्या कलमात लोकांत भीती वा द्वेष माजवणारी खोटी माहिती आणि अफवा यांचा समावेश आहे, आणि त्या इलेक्ट्रॉनिक साधनांनी पसरवणेही त्यात येते. चोरीचा माल विकणारा 'मी चोरला नाही' म्हणून सुटत नाही, तसेच हे आहे.

तिसरे समर्थन अधिक विनम्र : "खरेखोटे ठरवायला आम्ही काय पत्रकार आहोत?" आपण सोनारही नसतो. तरी लग्नाचे दागिने घेताना हॉलमार्क पाहतो. १ एप्रिल २०२३ पासून तर त्यावर सहा अंकाक्षरांची ओळखखूणही लागते. खूण नसेल तर दागिना परत ठेवतो. बातमीवर तारीख, ठिकाण आणि सांगणाऱ्याचे नाव नसेल, तर तीही परत ठेवावी. घाट बंद असल्याची खात्री एस. टी. आगारात करता येते, टोळीची पोलीस ठाण्यात. त्याला पत्रकारिता शिकावी लागत नाही.

बाजारातल्या गर्दीत काढलेल्या छायाचित्रांनाही हेच लागू आहे. कोणाची पर्स गेली आणि शेजारी उभ्या असलेल्या मुलाचा फोटो 'हाच तो चोर' म्हणून फेसबुकवर झळकला, तर त्याची अब्रू कोण परत देणार? संशय पोलिसांना सांगावा, जगाला नव्हे. 'सहकुटुंब दिवाळीच्या खरेदीला पुण्यात' असे तुळशीबागेतूनच जाहीर करणाऱ्यांनी आपण घराला कुलूप असल्याची दवंडी पिटत आहोत, हे ध्यानी घ्यावे. फोटो घरी पोहोचल्यावर टाकला तर आनंद उणा होत नाही.

खोटी साक्ष देऊ नकोस, ही आज्ञा आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केली. ती काय केवळ न्यायालयातल्या पिंजऱ्यापुरती होती? राईनपाड्याच्या पाच महिने आधी, जानेवारी २०१८ मध्ये, दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी जागतिक संपर्क माध्यम दिनाचा संपूर्ण संदेश खोट्या बातम्यांवरच दिला होता आणि एदेन बागेतल्या सर्पाच्या गोड बोलण्याचा दाखला दिला होता. त्या सर्पानेही हितचिंतकाचाच आव आणला होता.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. आपल्या धर्मग्रामाच्या, भजनी मंडळाच्या, नातलगांच्या प्रत्येक गटात अशा मजकुराला पहिले उत्तर जोडलेल्या हातांचे चित्र नसावे. "हे कोठून आले?" हा प्रश्न असावा. विचारणारा वयाने लहान असला तरी त्याला उद्धट म्हणू नये आणि ज्याला विचारले त्याने अपमान मानू नये. भाव विचारला म्हणून कोणता दुकानदार रागावतो? उत्तर आले नाही, तर तो मजकूर तेथेच मरू द्यावा. त्याच्या मरण्याने कोणा निरपराध माणसाचा जीव वाचण्याचा संभव असतो.