खिशातला संगणक आणि दोन सेल

संगणक खिशात मावतो याचं आता कुणाला नवल वाटत नाही. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींच्या हातातला मोबाइल म्हणजे संगणकच की! पण २००१ साली माझ्या मामानं असलं यंत्र घरी आणलं, तेव्हा शेजारपाजारचे मुद्दाम बघायला आले होते.

मामा वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक. वेळापत्रक, हजेरी, प्रात्यक्षिकांचे गुण, सहलीत दिसलेली झाडं, सगळं तो त्यात टिपायचा. अशा यंत्रांची खरी चलती झाली ती १९९६ साली अमेरिकेत आलेल्या ‘पायलट’मुळे. त्याचा जनक जेफ हॉकिन्स आधी त्याच मापाचा लाकडी ठोकळा खिशात घेऊन हिंडायचा आणि बैठकीत त्यावर टिपून घेतल्याचं सोंग करायचा. खिशात काय खुपतं, काय नाही, हे त्याला बघायचं होतं. त्या पहिल्या पायलटची स्मृती अवघी १२८ किलोबाइट! आज मोबाइलवर काढलेला एक फोटोसुद्धा तिच्यात मावणार नाही. शिवाय लिहायचं ते त्याच्याच वळणानं. इंग्रजी ‘ए’ आडव्या रेघेशिवाय, उलट्या ‘व्ही’सारखा. मराठीची सोय नव्हती, त्यामुळे मामाच्या यंत्रात आपला पळसही इंग्रजी अक्षरांत फुलायचा.

त्या काळच्या बहुतेक यंत्रांची एक खोड होती. त्यांची स्मृती सेलवर जगायची. सेल काढून मिनिटभराहून जास्त वेळ गेला, की पाटी कोरी. हे मला कुठं ठाऊक? माझ्या खेळण्यातल्या गाडीला दोन बारके सेल हवे होते, ते मी काढून घेतले.

मामानं शनिवारी बटण दाबून सगळं कॉलेजच्या संगणकावर उतरवलं होतं. मी सेल काढले मंगळवारी. मधल्या दिवसांतले अख्ख्या वर्गाचे गुण गेले, आणि ते दुसऱ्या दिवशी कार्यालयात द्यायचे होते. मामा ओरडला नाही. त्यानं विद्यार्थ्यांची जर्नल्स मागवली आणि मला समोर बसवलं. मी हजेरी क्रमांक वाचायचा, तो पुन्हा तपासून गुण द्यायचा. रात्रीचा एक वाजला. मामी दोनदा चहा ठेवून गेली, माझ्याकडे न बघता.

आता माझी भाची पीएच.डी. करते. मोबाइलवर मराठीत बोलून टिपणं घेते, जुन्या ग्रंथांच्या पानांचे फोटो काढते. सेलची भानगड नाही. ‘‘नक्कल कुठं ठेवतेस?’’ मी विचारलं. ‘‘आपोआप वर जाते गं मावशी,’’ ती म्हणाली. ‘‘मग दुसऱ्या संगणकावर उघडून दाखव.’’ तिला पासवर्ड आठवेना. मोबाइल हरवला असता तर चार महिन्यांची टिपणं अडकून पडली असती. त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी मिळून पासवर्ड बदलला, तो तिच्या वहीत लिहिला आणि सगळी टिपणं एका पेनड्राइव्हवरही उतरवली.

मामाला फोनवर हे सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, ‘‘पेनड्राइव्ह तुझ्या हाती नाही ना दिला?’’