कानाचा घसारा

वर्ष सरत आले की ध्वनियंत्रांचे समीक्षक आपापली 'यंदाची सर्वांत आवडती यंत्रे' जाहीर करतात. या याद्या मी श्रीमंतांकडच्या स्थळांसारख्या वाचतो. पाहायला हरकत नाही, झेपणारे एकही नसते. अमुक ॲम्प्लिफायरचा आवाज म्हणे 'उबदार' आहे. तमुक स्पीकरमधून गायिकेच्या भोवतीची 'हवा' ऐकू येते. हवेचे भाव चार लाखांपासून पुढे! बरे, ही यंत्रे समीक्षकाला बहुधा कंपनीकडून परीक्षणापुरती उसनी मिळतात. जावई सासरच्या श्रीखंडाला नावे ठेवीत नाही, हा साधा व्यवहार आहे.

महाग वस्तूंशी माझे भांडण नाही. मी येवल्याचा. लाखाची पैठणी आमच्या गल्लीबोळांत विणली जाते. पण तिची किंमत विचारा, विणकर हिशेब मांडून दाखवील: रेशीम एवढे, जर एवढी, पदरावरचा एकेक मोर हाताने भरायला दिवस एवढे. वर उलटी बाजूही दाखवील, ती सुलटीइतकीच स्वच्छ. आता लाखाच्या वायरीची उलटी बाजू दाखवा पाहू! वीज मैलोन्मैल साध्या तारांवरून, कावळ्यांना झोके देत घरापर्यंत येते, आणि शेवटच्या दीड मीटरला म्हणे चांदीची वायर जोडली की तबला खुलतो. म्हणजे नाशिकहून एस्टीत उभ्याने आलेल्या पाहुण्याला दारापासून कोचापर्यंत पालखीतून न्यायचे!

आता कानाचा ताळेबंद मांडू. आम्हा कॉमर्सवाल्यांना एक गोष्ट पक्की शिकवलेली असते: यंत्र म्हटले की घसारा आलाच. कान हेही यंत्रच. तरुण कानाला २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात असे धरतात. वय वाढते तशी वरची मर्यादा खाली सरकते. पन्नाशीनंतर वरचे काही हजार हर्ट्झ खात्यातून गुपचूप वजा झालेले असतात, आणि त्याचे स्टेटमेंटही येत नाही. विशीत कान असतात, पैसे नसतात. फंडाची रक्कम हाती पडून ४०,००० हर्ट्झचा स्पीकर घरी येतो, तेव्हा तो पुरता ऐकायला घरात मांजर तेवढे उरते.

बरे, कान शाबूत धरले तरी घराचे काय? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कचा पट्टा सुमारे ९६ डेसिबलचा. कुजबुजीपासून गडगडाटापर्यंत सगळे तिच्यात मावते. पण सारे गाव नियमाने वागले तरी त्यातली कुजबूज त्या ५५ खाली गाडली जाणार. इथे तर खाली मागाची खटखट, वर मिक्सर, आणि संक्रांतीला तीन दिवस पतंगांबरोबर गच्चीगच्चीवर चढलेले स्पीकर. त्यात गायिकेभोवतीची हवा कसली ऐकता? गायिका ऐकू आली तरी मिळवली.

आणि गाणे लोकांपर्यंत पोचले ते कशाने? ७८ फेऱ्यांच्या तबकडीने. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे, जोडीला भजी तळल्यासारखी चरचर. अब्दुल करीम खाँसाहेबांची अशीच एक तबकडी दुकानात वाजताना ऐकून गदगच्या एका पोराला गाण्याचे वेड लागले आणि १९३३ साली त्याने गुरूच्या शोधात घर सोडले. त्याचे नाव भीमसेन जोशी. दुकानदाराची वायर कुठल्या कंपनीची, हे त्याने विचारले होते असे कुणी सांगत नाही.

माझा खरा राग किमतीवर नाहीच. या याद्या वाचून साध्या माणसाला आपल्या साध्या स्पीकरची लाज वाटू लागते. तो म्हणतो, आधी चांगले यंत्र घेऊ, मग निवांत ऐकू. मग मुलांची शिक्षणे होतात, घराचे हप्ते फिटतात, आणि तोवर इकडे कानाचा घसारा पूर्ण होतो. गाणे राहते ते राहतेच.

तेव्हा समीक्षक महाशय, परीक्षणाच्या माथ्यावर तीन आकडे छापत चला: यंत्राची किंमत, तुमच्या खोलीतले डेसिबल आणि तुमच्या स्वतःच्या कानांच्या तपासणीचा निकाल. आणि पुढच्या यादीत पहिला नंबर रात्री दहाच्या आत लाउडस्पीकर बंद करणाऱ्या शेजाऱ्याला द्या. आवाज इतका स्वच्छ करणारे दुसरे यंत्र कितीही पैसे मोजले तरी मिळत नाही.