पोत्यातलं पारखता, पाकिटातलंही पारखा

वाशी, तुर्भे, सानपाडा, कोपरखैरणे, नेरूळ परिसरातल्या सर्व रहिवाशांना आणि एपीएमसी मार्केटमध्ये राबणाऱ्या माथाडी, व्यापारी व वाहतूकदार बंधू-भगिनींना जाहीर आवाहन



धान्य बाजारातल्या एखाद्या गाळ्यावर ज्वारीचा सौदा कसा होतो, ते जरा उभं राहून पाहा. शिवलेलं पोतं कोणी उसवत नाही. टोकदार पोकळ नळी पोत्याच्या कुशीत खुपसतात आणि मूठभर दाणे तळहातावर घेतात. घेणारा ते पसरतो, फुंकर मारतो, खडा आणि किडका दाणा बाजूला सारतो, वास घेतो, एक दाणा दाताखाली फोडतो. कट्कन फुटला तर माल वाळलेला; दबला तर ओल आहे, टिकणार नाही. मग भावाची गोष्ट. इतकं पारखलेलं धान्य इथून मुंबईभर जातं. आणि त्याच बाजारापासून हाकेच्या अंतरावर राहणारे आपण मुलांच्या डब्यासाठी पाकीट उचलतो, ते त्याच्या दर्शनी बाजूवरचं चित्र बघून.

आमची विनंती साधी आहे. घरात जे शिजतं आणि ताटात जे येतं, त्यातलं शक्य तेवढं दाणा, डाळ, भाजी, फळ या मूळ रूपात विकत घ्या, आणि जेवताना त्याच्याकडे लक्ष देऊन जेवा.

या बाबतीत आपल्याइतकं नशीबवान शहर शोधून सापडणार नाही. मशीद बंदरचं दाणाबंदर, भायखळ्याची भाजी, क्रॉफर्ड मार्केटची फळं हा सगळा घाऊक व्यापार १९८० आणि १९९०च्या दशकांत टप्प्याटप्प्याने आपल्या दारात आला. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळं, मसाला आणि धान्य असे पाच बाजार एकमेकांना लागून उभे आहेत. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी, वाड्याचा कोलम, लासलगावचा कांदा, सांगलीची हळद, पुरंदरचं अंजीर, घोलवडचा चिकू अशी भौगोलिक मानांकन मिळालेली पिकं महाराष्ट्राने जपली आहेत. बाजारात चौकशी करा, हंगामात विचारा. शेतकऱ्याने नाव कमावलेला माल वेशीवर उतरतो आणि आपल्या फडताळात मात्र नूडल्सची पाकिटं, क्रीमची बिस्किटं, साखर घातलेली 'पौष्टिक' पावडर. याचं मनापासून वाईट वाटतं.

प्रक्रिया केलेलं सगळंच वाईट, असं आम्ही म्हणत नाही. पोहे, पीठ, दही, ताक, तूप, लोणचं, कुरडया यांच्यावरही प्रक्रिया झालेली असते आणि आपल्या आज्या-पणज्यांनी ती चुलीपुढे आणि उन्हात बसून केली. ब्राझीलचे संशोधक कार्लोस मोंतेरो यांनी अन्नाची चार गटांत विभागणी मांडली. त्यातला चौथा गट अतिप्रक्रियायुक्त पदार्थांचा. स्वयंपाकघरात कधीच नसतात असे घटक, म्हणजे कृत्रिम स्वाद, रंग, इमल्सिफायर, माल्टोडेक्स्ट्रिन, एकत्र करून कारखान्यात घडवलेले हे पदार्थ. आपली तक्रार या चौथ्या गटाबद्दल आहे.

तक्रारीला आधारही आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. पुढे ठेवलेल्या दोन्ही जेवणांत कॅलरी, साखर, मीठ, स्निग्धांश, तंतू जवळपास सारखे. हवं तेवढं खायची मुभा. तरी पाकिटातल्या अन्नावर माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती, वजन वाढत होतं, साध्या अन्नावर ते उतरत होतं. आणखी एक दिसलं: पाकिटातलं अन्न ती भरभर खात होती. मऊ, चावावं न लागणारं अन्न पोट भरल्याची जाणीव होण्याआधीच संपलेलं असतं. ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ अशी गिळता येत नाही, आणि तीच तिची मोठी जमेची बाजू आहे.

आपल्या देशात मधुमेहींची संख्या १० कोटींच्या पुढे गेल्याचं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने सांगितलं. याच परिषदेच्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्यांच्या अंदाजानुसार देशातल्या एकूण आजारांच्या ओझ्यापैकी ५६.४ टक्के चुकीच्या आहारामुळे येतं. प्रत्येक इमारतीत, प्रत्येक मजल्यावर साखरेची गोळी घेणारं कोणी ना कोणी आहे. आकडे ऐकून आपण दचकायचंही सोडून दिलंय.

म्हणून पहिलं काम: पाकीट उलटं करा. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावेत, असा नियम आहे. पहिली तीन नावं वाचली तरी पुष्कळ कळतं. पुढे 'नाचणी' लिहिलंय आणि मागे यादीत मैदा, साखर, पाम तेल वर अन् नाचणी पार खाली, तर ते नाचणीचं बिस्कीट नव्हे. साखर लपूनही येते: इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज ही तिचीच भावंडं. वाचता येणाऱ्या मुलांना हे काम द्या. ती आपल्यापेक्षा कडक पारख करतात.

दुसरं काम बाजाराचं. घाऊक बाजारात किलो-दोन किलो मिळणं कठीण, ही अडचण खरी आहे. पण एप्रिल-मे महिन्यांत मसाला बाजारात काय होतं ते आठवा. डोंबिवलीपासून विरारपर्यंतच्या बायका येतात, बेडगी, संकेश्वरी, लवंगी मिरची हातात घेऊन देठ बघतात, धने हुंगतात, वर्षाचा मसाला घेऊन कांडपावर जातात. शेजारणी-शेजारणी मिळून येतात, टेम्पोचं भाडं वाटून घेतात. मसाल्यासाठी हे जमतं, तर ज्वारी, बाजरी, नाचणी, तूर, मूग, मटकी, वाल यांच्यासाठीही जमेल. पाच-सहा घरांनी मिळून एक पोतं घ्यायचं, वाटून घ्यायचं, ऊन दाखवून कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून डब्यात भरायचं. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पांढऱ्या तांदळात दहाही नसतं. वाढत्या मुलांच्या घरात नाचणीचा डबा हवाच.

भाजीचंही तसंच. पोषण संस्था माणशी रोज ४०० ग्रॅम भाजी सांगते, त्यात पालेभाजी आली, बटाटा नाही. चौघांच्या घराला आठवड्याला ११ किलो होते. दोन-तीन घरं मिळून पहाटे भाजीपाला बाजारात गेलात तर क्रेटच्या भावात ती घरी येईल. सगळी एकाच जातीची नको. एका घराने दुधी, दुसऱ्याने गवार, तिसऱ्याने मेथीची जुडी घ्यायची आणि वाटून न्यायची.

जेवणाबद्दल थोडं. शाळेत आणि घरी आपण जेवणाआधी श्लोक म्हणायचो. त्या अर्ध्या मिनिटात हात थांबायचा, ताट दिसायचं, मगच घास. श्लोक म्हणा अथवा म्हणू नका, पण तेवढं थांबणं परत आणा. मोबाइल दुसऱ्या खोलीत, टीव्ही बंद, घास चावून. निदान रात्रीचं एक जेवण तरी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून घ्या.

पुरुषांना एक वेगळं सांगणं आहे. निवडणं, भिजवणं, मोड आणणं, भाकरी थापणं हे सगळं घरातल्या बाईच्याच माथी मारलंत, तर हे आवाहन वाचलंत न वाचलंत सारखंच. नोकरी करून लोकलने उभ्याने परत आलेली बाई पाकीट फोडते, तेव्हा दोष तिचा नसतो. मटकी भिजत घालायला दोन मिनिटं लागतात आणि पीठ दळून आणायला ताकद. दोन्ही तुमच्याकडे आहे.

आता मार्केटमधल्या आपल्या माणसांकडे वळतो. अख्ख्या मुंबईचं अन्न ज्यांच्या पाठीवरून उतरतं, त्या माथाडी कामगारांपैकी कितीतरी जण पहाटेची पाळी चहा, बिस्किटं आणि वडापाववर ओढतात. ५० किलोची गोणी उचलणाऱ्या अंगाला हे पुरणारं नाही. चहाच्या टपऱ्या, उपाहारगृहं चालवणाऱ्यांना आणि गाळेमालकांना कळकळीची विनंती: पहाटे तीनपासून उकडलेली अंडी, केळी, गूळ-शेंगदाणे, उसळ-भाकरी मिळेल असं बघा. कच्चा माल तर शंभर पावलांवर आहे. ग्राहक लावून धरतील तर दुकानदार ठेवतील, तेव्हा माथाडी बांधवांनीही मागणी करावी. आणि खायला दहा मिनिटं बसू द्यावं, गाडी तेवढी थांबते.

हे आवाहन आपल्या सोसायटीच्या फलकावर लावा. शेजारी एक कोरा कागद चिकटवा. ज्याला जे धान्य हवं, त्याने घराचा क्रमांक आणि किलो लिहावेत. एका पोत्याइतकी मागणी जमली, की दोघा-तिघांनी धान्य बाजारात जावं, आणि पैसे देण्याआधी मूठभर दाणे तळहातावर मागून घ्यावेत.